मुक्कामी गाणी

तायडे कंट्रोलर गेले त्या दिवशी, पूर्णेच्या काठावर उभा असताना, माझ्या डोक्यात कपाशीच्या बियाण्याची जाहिरात वाजत होती.

हे एवढं वाक्य लिहायला मला तीन महिने लागले. बौद्धाचार्य पंचशील म्हणत होते, त्यांच्यामागून सगळे म्हणत होते, मीही म्हणत होतो; आणि आत कुठेतरी, आपल्याच तालात, 'बोंड एवढं मोठं, घर पडे छोटं' चालू होतं. मी ते थांबवायला गेलो तसं ते जास्तच रंगात आलं. आपल्या मनाला वेळकाळाचं काहीच कसं कळत नाही, असं वाटून मला स्वतःची लाज वाटली. आणि मग हेही वाटलं, की अशा गोष्टीची लाज न धरता नुसती चौकशी करणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो समोर पांढऱ्या कापडात निजलेला आहे. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी कानामागची पेन्सिल काढून विचारलं असतं, "कधीपासून? कुठून चढलं?"

परतीच्या गाडीत रफिकभाई माझ्या शेजारी होते. याच रस्त्यावर त्यांनी वीस वर्षं कंडक्टरकी केलेली. ते माझ्याकडे जरा सरकले. मग म्हणाले, "सर, एक सांगू? रागावसान नाई ना?"

"सांगा."

"माह्या डोक्यात सकाळपासून थे बोंडवालं वाजून राह्यलं."

"माझ्याही."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग रुमालाने डोळे पुसत हसायला लागले. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं, तरी त्यांना हसू आवरेना.

तायडे आमच्या गावच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. लोक नुसतं कंट्रोलर म्हणत. चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या कुरबुरी मिटवायच्या आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. मी स्टँडसमोरच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. आमच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि तिच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, तायडेंचा कर्णा होता. धुळीमुळे आम्ही खिडक्या लावून घेत असू. तरी आवाज यायचाच. गावांच्या नावांसकट.

माइक चालू आहे की नाही हे पाहायला बाकीचे कंट्रोलर 'हॅलो, हॅलो' म्हणत किंवा टिचकी मारत. तायडे गुणगुणत. घसा खाकरायचा, दीड-दोन ओळी गुणगुणायच्या आणि मग "प्रवाशांनी लक्ष द्यावे." त्यांना गाता येत नव्हतं. गाणाऱ्या होत्या त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी. विहारातल्या कार्यक्रमात त्या पुढे बसून गात आणि तायडे मागे चपलांजवळ बसून, कोण कोण घरी जाताना काय गुणगुणतं ते ऐकत.

ओळख झाली ती त्यांच्या प्रश्नामुळे. एकदा ते वर्तमानपत्र चाळायला आले आणि माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "काय सर, आज मुक्कामी कोण हाय?"

मला वाटलं, गाडीबद्दल बोलताहेत. संध्याकाळी खेड्यात जाऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी ती मुक्कामी गाडी. मी म्हणालो, "मला काय ठाऊक? कंट्रोलर तुम्ही."

"गाडी नाई हो. गाणं. डोक्यात कोणतं मुक्कामाले हाय?"

"कोणतंच नाही."

"असं नसते. पाह्यजा जरा आत."

मी कान दिला आणि चकित झालो. आत खरंच काहीतरी चालू होतं. शाळेत असताना कवायतीला वाजायचा तो बँड. तो केव्हापासून वाजत होता, कुणी सुरू केला, काही पत्ता नव्हता. पन्नाशीला आलेला माणूस मी, इतकी पुस्तकं वाचलेली, आणि आपल्या डोक्यात दिवसभर काय चालतं तिकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

तायडे पाहत होते. रोज, आणि सगळ्यांच्या डोक्यात. त्यासाठी त्यांनी जुन्या वेळापत्रकांचे कागद पाठकोरे घेऊन एक वही शिवली होती. कोण, कोणत्या गावचा, कोणतं गाणं, कुठून चढलं, कुठे उतरलं. ड्रायव्हरांच्या डोक्यात गाणी फार, कंडक्टरांच्या कमी. कारण कंडक्टर सतत हिशेब करतो आणि आकडेमोडीजवळ गाणं थांबत नाही, असं ते म्हणत. झाडताना, भांडी घासताना, सायकल चालवताना गाणं चढतं, वाचताना उतरतं. आवडतं गाणं क्वचितच मुक्काम करतं, नावडतं मात्र हमखास. एकदा त्यांनी खामगावच्या एका हार्मोनियमवाल्याला गाठलं. तो म्हणाला, माझ्या डोक्यात काहीच नसतं. तायडे दोन दिवस बेचैन होते. "ज्याच्या घरी खानावळ, त्याच्या घरी पाव्हणा नाई," असं काहीतरी त्यांनी शेवटी वहीत लिहून ठेवलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं. त्यांच्या वहीत प्रश्नचिन्हं फार होती. उत्तर सापडलं म्हणून त्यांनी कधी ते खोडलं नाही. शेजारी उत्तर लिहीत आणि चिन्ह तसंच ठेवत.

एका सोमवारी त्यांनी प्रयोग केला. दीड ओळीची एक चाल स्वतःच जुळवली, रेडिओवर किंवा मोबाइलवर कुठेच सापडू नये अशी, आणि सकाळी माइक तपासताना ती तीनदा गुणगुणले. त्या वेळी स्टँडवर कोणत्या गाड्या उभ्या होत्या ते लिहून ठेवलं आणि वाट पाहत बसले. दुपारी शेगावहून आलेला एक ड्रायव्हर तीच चाल शिट्टीवर वाजवत उतरला. मग चहाच्या टपरीवर ऐकू आली. संध्याकाळी जळगाव जामोदच्या गाडीतून बोरांची टोपली घेऊन एक बाई उतरली, तीही तेच गुणगुणत होती. तायडे खिडकी सोडून धावत गेले.

"बाई, हे कुठलं गाणं म्हणून राह्यल्या?"

"कुठलं म्हंजे? आमच्याइकडचं जुनं गाणं हाय."

हे मला सांगताना त्यांनी टेबलावर थाप मारली. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. "जुनं हाय म्हणे, सर! सकाळी सातले जलमलं अन् संध्याकाळी जुनं!"

रफिकभाईंचं प्रकरण त्याच सुमाराचं. बियाण्याच्या जाहिरातीची गाडी पेरणीआधी महिनाभर गावात कर्णा लावून फिरायची. रफिकभाईंच्या डोक्यात ती ओळ शिरली आणि चार दिवस निघेना. तिकीट फाडताना, जेवताना, नमाजाला उभं राहतानाही. ते हात जोडून खिडकीशी आले. "साहेब, काढा हे. पागल होऊन जाईन मी."

तायडेंनी त्यांना बाकावर बसवून डॉक्टरसारखी तपासणी केली. निदान असं झालं, की या गाण्याला शेवट नाही. एकच ओळ फिरून फिरून येते. "ज्या गाडीले शेवटचा थांबा नाई, थे फिरतच राह्यते. याले थांबा देऊ." आणि त्यांनी तिथल्या तिथे ओळ जोडली: 'बोंड वेचून झालं, आता झोपा थोडं.' रफिकभाईंनी ती दहा वेळा म्हटली आणि खरंच मोकळे झाले. पण त्यांचं ऐकून ते स्टँडभर पसरलं, तायडेंच्या शेवटासकट. पूर्णेच्या काठावर माझ्या डोक्यात वाजत होतं ते जाहिरातवाल्यांचं नव्हतं, हे. शेवटच्या ओळीसकट.

सगळ्यांनाच हा प्रकार गोड वाटत होता असं नाही. आमच्या वाचनालयात देशमुख मास्तर म्हणून निवृत्त शिक्षक रोज येत. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. ऐकू फार कमी यायचं, यंत्र लावायचा कंटाळा. त्यांना माणसांचे शब्द समजत नसत, पण तायडेंचा कर्णा तेवढा पोचायचा, आणि हाच त्यांचा राग होता. एके दिवशी ते हातात अर्ज घेऊन रस्ता ओलांडून गेले. मी मागोमाग गेलो, कारण त्यांना वाहनंही ऐकू येत नसत.

"तायडे, हे तुमचं गुणगुणणं बंद करा! मी पूजेला बसलो की तुमचं गाणं येते. देवासमोर! लाज वाटते मला."

तायडेंचा चेहरा उजळला. त्यांनी पेन्सिल काढली. "कोणतं गाणं, मास्तर? आवाहनाच्या वेळी येते का आरतीच्या?"

"काय म्हणता?"

तायडे कानाशी वाकून ओरडले, "कोणत्या वेळी येते म्हणतो!"

"अभिषेकाच्या!" मास्तर तितक्याच जोरात ओरडले.

"हाव, बरोबर! पाणी सोडून राह्यले की येते. हात चालू अन् डोस्कं रिकामं!" तायडेंनी लिहून घेतलं. अर्ज मास्तरांच्या हातातच राहिला. परत येताना मास्तर मला म्हणाले, "हा माणूस वेडा आहे का हो?" आणि दाराशी आल्यावर, "पण अभिषेकाचं त्याला कसं कळलं?"

तायडे निवृत्त झाले त्याच वर्षी आमच्या स्टँडवर ध्वनिमुद्रित सूचना सुरू झाल्या. एका बाईचा स्वच्छ, गुळगुळीत आवाज. तायडेंना त्याचं वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. ते एवढंच म्हणाले, "चांगली बोलते. पण तिचं काई मुक्कामाले राह्यत नाई." ते हिरमुसून बोलत नव्हते, त्यांनी चार दिवस स्टँडवर बसून लोकांना विचारलं होतं.

त्यानंतर वर्षभराने सुमनवहिनींना लकवा झाला.

हातपाय हळूहळू सुधारले. बोलणं गेलं ते गेलं. समजायचं सगळं, डोळ्यांत उत्तर दिसायचं, पण तोंडाशी येता येता विरून जायचं. खामगावच्या डॉक्टरांनी चित्रं दाखवून, वस्तू दाखवून पाहिलं. पिशवी, कुलूप, कंगवा. एकही शब्द नाही. मग तायडेंकडे बोट करून विचारलं, "हे कोण? यांचं नाव सांगा." वहिनींनी मान खाली घातली.

"नाव सांगता येत नाही," असं म्हणत डॉक्टर लिहू लागले, तसे तायडे म्हणाले, "थे नका लिहू, साहेब. थे तर लग्नापासूनच येत नाई."

वहिनी हसल्या. आवाज न करता, पण खांदे हलेपर्यंत. डॉक्टरांनीही पेन खाली ठेवलं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि पुढची दोन वर्षं तायडे त्या गोष्टीमागे लागले. बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, चाल दुसऱ्या बाजूला. कधी कधी अशी माणसं बोलू शकत नाहीत, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणू शकतात. आणि गाण्यावरून हळूहळू बोलण्याकडे येतात.

वहिनी एक चाल गुणगुणत होत्या. दवाखान्यातून आल्यापासून, दिवसभर, तीच. तोंड मिटून. सुरुवातीला एका जागी रेंगाळणारी, मग छोट्या छोट्या पायऱ्या चढणारी, मग जराशी थांबून खाली येणारी.

"सर, तिच्या डोक्यात एक गाणं जित्तं हाय," तायडे मला म्हणाले. "थे कोणतं हाय हे सापडलं की शब्द येतील. जिंदगीभर लोकाच्या डोक्यातले गाणे शोधले, आता घरचं शोधायचं."

हे सोपं जाईल असं आम्हा सगळ्यांना वाटलं. इतक्या वर्षांचा सराव असलेला माणूस. त्यांनी आधी विहारातली गाणी घेतली. वहिनी सगळी गाणी शांतपणे ऐकून घेत आणि मान हलवत. मग पाळणे. मग जात्यावरच्या ओव्या. त्यांच्या माहेरच्या, पूर्णेपलीकडच्या येरळीच्या म्हाताऱ्या बायांना विचारून आणलेल्या. रफिकभाईंनी ती चाल गाडीगाडीतून नेली. जळगाव जामोदपर्यंतचे कंडक्टर थांब्याथांब्यावर बायकांना विचारत, "हे कोणतं गाणं हाय हो?" रोज संध्याकाळी दोन-चार गाणी गोळा होत. तायडे ती शिकत, आपल्या त्या फाटक्या गळ्यातून वहिनींसमोर म्हणत. वहिनी ऐकत, कधी त्यांच्या सुरावर हसत, आणि मान हलवत. वहीची पानं भरत गेली. प्रत्येक गाण्यापुढे फुली.

तायडे खंगले. मला म्हणाले, "गाडी दिसून राह्यली, सर. पण पाटीच वाचता येत नाई."

मी सुचवलं, तुम्ही चाल गुणगुणून दाखवता त्यात तुमचं काही मिसळत असेल. वहिनींचाच आवाज मोबाइलवर घ्या. त्यांना ते आवडलं नाही. गाणं माणसाने माणसाला द्यावं, असं त्यांचं मत. पण दोन वर्षं होत आली होती. एका दुपारी ते मोबाइल घेऊन वाचनालयात आले. आम्ही ऐकलं. मला खरंच वेगळं वाटलं. तायडे गुणगुणताना टेबलावर ठेका धरत, म्हणून ते गाणं वाटायचं. वहिनींच्या आवाजात ठेका नव्हताच. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. वाचणारे दोघे-तिघे माझ्याकडे पाहू लागले.

खिडकीजवळ देशमुख मास्तरांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं, "कोणती लागली? जळगाव जामोद का?"

मग मास्तरांनी चष्मा काढला आणि तायडेंकडे पाहून त्रासिक चेहरा केला. "परत सुरू झालं का तुमचं? मला वाटलं, निवृत्त झालात."

तायडे उठून त्यांच्या कानाशी गेले. "मास्तर, तुम्हाले काय ऐकू आलं?"

"काय म्हणजे? इतकी वर्षं तेच ऐकत आलो. आधी लांब ओढायचं, मग गावांची नावं चढवत न्यायची, मग थांबून फलाट. शब्द कधी कळले नाहीत मला, पण जळगाव जामोदची सगळ्यांत लांब असते एवढं कळते."

तायडे खाली बसले. खुर्चीवर नव्हे, पुस्तकांच्या मांडणीशी, जमिनीवर. त्यांचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. वहिनींनी सगळा संसार त्या कर्ण्याखाली केला होता. आणि सगळ्या जगाच्या डोक्यात काय आहे ते ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज ओळखू आला नव्हता. रफिकभाईंना नाही, आम्हाला कुणालाच नाही. कारण आम्ही सगळे तो आवाज शब्दांसकट ऐकत आलो होतो. शब्द गळून गेल्यावर काय उरतं ते फक्त मास्तरांना माहीत होतं.

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. वहिनी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. तायडे समोर बसले. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. "माइकबिगर येत नाई, सर," ते म्हणाले. मग त्यांनी फळीवरचा स्टीलचा पेला घेतला, तोंडाशी धरला आणि घसा खाकरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. नांदुरा, निमगाव, येरळी, आसलगाव मार्गे…"

वहिनींचा हात थांबला. तायडे पुढचं बोललेच नाहीत.

"जळगाव जामोद," वहिनी म्हणाल्या. चालीत, पण शब्दांसकट. आणि मग, जणू गाडी सुटायला उशीर होतोय अशा घाईने, "फलाट क्रमांक तीन."

मी चपला घालून बाहेर आलो.

त्या काही खडाखडा बोलू लागल्या नाहीत. आधी महिनाभर नुसती गावं. मग तायडेंनी त्याच चालीत घरातल्या गोष्टी बसवल्या. 'दूध, साखर, आलं मार्गे चहा चुलीवर लागलेला आहे.' वहिनी उत्तर देत: 'चहा उशिरा धावत आहे.' शेजारपाजारचे हसत. तायडेही हसत. पण एकदा मला सोडायला गेटशी आले तेव्हा म्हणाले, "घरात बोलते, सर. पण चालीवर. चाल सोडली की मुकी. डॉक्टर म्हणते, चालीबिगर एक वाक्य आलं की मले फोन करा. एकच." त्यांनी बोट वर केलं. "थे काई येऊन नाई राह्यलं."

म्हणूनच वहिनी माहेरी जात नव्हत्या. येरळीला त्यांचा भाऊ होता, चारदा बोलवून गेला. लोकांसमोर तोंड उघडलं आणि गाडीची सूचना निघाली तर काय, याची त्यांना धास्ती. शेवटी माघात भाचीचं लग्न निघालं आणि त्या कशाबशा तयार झाल्या. त्यानंतर तायडे तिथेच रमले, शेतात, नदीकाठी. परत आलेच नाहीत. त्यामुळे ते लग्नाला निघाले त्या सकाळी स्टँडवर पाहिलं, तेच मी त्यांना जिवंतपणी शेवटचं पाहिलेलं.

पिशव्या दोन होत्या म्हणून मी गाडीत चढवायला गेलो. वहिनी खिडकीशी बसल्या, तायडे शेजारी. गाडी भरत होती. कंडक्टर नवीन होती, पंचविशीची मुलगी, यांना न ओळखणारी. तिकिटाच्या यंत्रावरून नजर न उचलता तिने वहिनींना विचारलं, "कुठं, मावशी?"

तायडेंचं तोंड उघडलं. मी पाहिलं. एवढ्या वर्षांची सवय. कुणी 'कुठं' म्हटलं की उत्तर त्यांनीच द्यायचं. मग त्यांनी ते मिटलं आणि पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली.

"मावशी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सरका हो पुढं, काऊन थांबले?" वहिनींच्या मांडीवरची बोटं चाल पकडायला हलत होती. एकदा, दोनदा. मग ती थांबली.

"येरळी," वहिनी म्हणाल्या. "एक अर्धं. ह्यायचा पास हाय."

त्यात चढ नव्हता, उतार नव्हता. कोणत्याही गाडीत कोणतीही बाई म्हणते तसं. मुलीने पास पाहिला, तिकीट फाडून वहिनींच्या हातात दिलं आणि ती पुढच्या सीटकडे गेली. तिच्या दृष्टीने काहीच झालं नव्हतं.

मी खाली उतरलो. गाडी फलाटावरून मागे सरकू लागली. खिडकीतून तायडे दिसत होते, पास तसाच पुढे धरलेले. कंडक्टर केव्हाच पुढे गेली होती, तरी त्यांचा हात तसाच होता. शेवटी वहिनींनीच तो धरून खाली केला.